कॅमेऱ्यापुढचा तळहात

सर, तुम्हाला ही हाक आवडायची नाही. वर्गातली सगळी मुलं तुम्हाला नावाने बोलवायची, आणि माझी जीभ काही केल्या वळायची नाही. आजही वळत नाही. सांता क्लारातल्या एका ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून लिहितेय. थोड्या वेळात वर मीटिंग आहे. तुमच्या शेवटच्या चित्रपटाचा शेवट बदलायचा की नाही, ते तिथे ठरणार आहे. जुन्या फिल्म दुरुस्त करणं हे माझं काम, त्यामुळे सही माझी लागते.

मूकपटांच्या दिवसांत तुम्ही सेटवर सुतारकाम करायला शिरलात, पुढे घोड्या-बंदुकांचे कितीतरी चित्रपट काढलेत आणि स्टुडिओवाल्यांशी जन्मभर भांडलात. हवं तेवढं टिपून झालं की तुम्ही लेन्सपुढे तळहात धरायचात, म्हणजे पुढचं कुणाला वापरताच येऊ नये. शेवटच्या चित्रपटात नवरा निघून जातो, बायको दारात उभी राहते, आणि तिचा चेहरा काही सांगायच्या आत सगळं संपतं. स्टुडिओला तिथे तिचं हसू हवं होतं. तुम्ही पुन्हा शूट करायला नकार दिलात, आणि त्यानंतर तुम्हाला कुणी चित्रपट दिला नाही. मी पुण्याहून इकडे रसायनशास्त्र शिकायला आले आणि गंमत म्हणून तुमच्या वर्गात येऊन बसले, तोवर तुम्ही म्हातारे, हट्टी मास्तर झाला होतात.

माझ्या पहिल्या छोट्या फिल्मवर कसे बरसला होतात. एकच प्रसंग मी चारी बाजूंनी टिपून ठेवला होता. "हे सगळं कुणाच्या सोयीसाठी? काय दाखवायचंय ते तुलाच माहीत नाही," म्हणालात, तेही सगळ्यांसमोर. मी रडले. त्या रविवारी तुम्ही मला घरी जेवायला बोलावलंत आणि मी मांस खात नाही म्हटल्यावर स्वतः बटाटे परतलेत, निम्मे करपवून. जेवणं झाली आहेत. मी चहा ओततेय आणि धीर करून विचारते, त्या शेवटच्या शॉटमध्ये तुमच्या हातामागे ती काय करत होती? तुम्ही टेबलापलीकडून तळहात माझ्या डोळ्यांपुढे धरता. चहा बशीत, बशीतून टेबलावर.

"दिसलं काही?"

"नाही."

"मग झालं तर."

तुम्ही हसत नव्हता. मी घाबरले होते, हे खरं.

यंदा त्या शॉटची न कापलेली निगेटिव्ह सापडली. तळहात पुढे आल्यावरही कॅमेरा क्षणभर चालू राहिला होता, आणि तुमच्या बोटांच्या फटींतून ती दिसते. फटींमधलं खरं ठेवून बाकीचं कॉम्प्युटरने अंदाजाने भरलं, की हात गायब. आमच्या टीममध्ये नागपूरची एक मुलगी आहे, दोघीच असलो की मला मावशी म्हणते. गेल्या आठवड्यात म्हणाली, "मावशी, हात पूर्ण रिमूव्ह केलाय. ती चक्क स्माइल करतेय. एकदा बघा तरी."

"मला नाही बघायचं."

"न बघता रिजेक्ट केलं तर ते ऐकतील का? दुसऱ्या कुणाची सही घेतील."

मीटिंग झाली. पुन्हा गाडीत येऊन बसलेय. मी सांगितलं की चित्रपट ज्याने काढला त्याने तो तिथे संपवलाय, आणि तो तिथेच संपेल. नवा शेवट मी पाहिलाय का, असं स्टुडिओच्या साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, आणि पाहायची गरजही नाही. नागपूरची मुलगी खाली मान घालून पेनाचं टोपण काढत-लावत बसली होती. तिने तोंड उघडलं असतं तर सगळंच संपलं असतं. शेवटी साहेब म्हणाले, ठीक आहे. सर, तुमचा शेवट राहिला. मला पुढचं काम मिळेल असं काही वाटत नाही.

ती मुलगी गप्प राहिली, कारण परवा तिच्याच शेजारी बसून मी ते पाहिलं होतं. सर, शॉट संपला असं समजून ती हसते, कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या तुमच्याकडे बघून. आणि ते तिथे शोभतं. मला ते तुमच्या शेवटापेक्षा जास्त आवडलं. तुम्हाला मराठी येत नव्हतं, म्हणून एवढं तरी लिहिता आलं.