विहीणबाईंची भाषा

बाई, तुम्ही गेलात त्याला किती वर्षं झाली, तरी धडा चुकला की माझी नजर आधी तुमच्याच टेबलाकडे जाते. या वयात मी गॅलिशियन शिकतोय. स्पेनच्या एका कोपऱ्यातली, समुद्रकाठची भाषा. फोनवरचे धडे सगळे इंग्रजीतून, म्हणून नाव नोंदवताना मी चक्क 'इंग्रजी भाषक' झालो. हसू नका.

माझ्या सुनेची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, तिकडच्या. लग्न होऊन इथे सिडनीला आल्या आणि मुलीशी जन्मभर इंग्रजीच बोलल्या. मग अर्धांगाचा झटका आला आणि नेमकं इंग्रजी तेवढं पुसलं गेलं. आता वेस्टमीडजवळच्या नर्सिंग होममध्ये त्या बोलत असतात आणि पोटच्या मुलीला अक्षर कळत नाही.

तुमची रीत होती, आधी चाल, मग अर्थ. "अर्थ कुठे पळून जातोय रे? चाल सोडू नकोस," म्हणत तुम्ही टेबलावर बोटांनी ठेका धरायचात. मी अडखळलो की ठेका थांबायचा. ती शांतता छडीपेक्षा जास्त लागायची. मी ही भाषाही तशीच पाठ केलीय, आपल्या ओवीच्या चालीवर.

गेल्या रविवारी त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसलो आणि त्यांच्या भाषेत, चालीवर विचारलं, कशा आहात, झोप लागली का? नात खिदळली, "आजोबा, व्हाय आर यू सिंगिंग अ‍ॅट हर?" पण विहीणबाईंची बोटं पांघरुणावर हलू लागली, ठेक्यात! मग त्या बोलत सुटल्या. कधीचं साचलेलं सगळं. मला एकच शब्द लागला, आउगा, म्हणजे पाणी. लगबगीने पेला पुढे केला. त्यांनी तो ढकलला. बोटं थांबली.

"बाबा, व्हॉट डिड शी से?" सुनेने माझी बाहीच धरली.

"पुढच्या रविवारी सांगतो गं," म्हणालो.

तो रविवार उद्या आहे. सकाळपासून पाण्याचेच शब्द घोकतोय, पाऊस, विहीर, भरती. शाळेत तपासणीला साहेब यायचे त्याच्या आदल्या दिवशी घोकायचो तसंच. उद्याही कळलं नाही तर सुनेला काय सांगू?

घरात कौतुक चाललंय, विहिणीसाठी बाबा किती करतात. तुम्हालाच सांगतो, आणि हेही पत्र पोस्टात पडणार नाहीच. मला भीती माझी वाटते. उद्या माझंही इंग्रजी असंच गेलं तर? नातीला 'पाणी' म्हणजे काय ते ठाऊक आहे का, हे विचारायचा अजून धीर झालेला नाही.