पहिल्या दुधीचा रस

रायस्वाइक
२६ एप्रिल २०२०

चि. ऋजुतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दर रविवारी फोनवर बोलणं होत असताना मावशीला पत्र लिहायची हुक्की कशी आली, असं वाटेल तुला. पण फोन तुझे काका स्पीकरवर टाकतात, आणि मला सांगायचंय ते त्यांच्या कानांवर जायला नकोय. गंधारला लिहिलं असतं, पण आमच्या चिरंजीवांना मराठी नुसतं ऐकून कळतं, वाचता येत नाही. राहिलीस तू. पोटात गोष्ट ठेवण्यात तू माझ्या बहिणीवर गेली असशील अशी आशा आहे.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मला दोन दिवस ताप होता. पाठ धरलीय असं काकांना सांगून मी गंधारच्या खोलीत पडून राहिले. ते मळ्यावर गेल्यावर हाउसआर्ट्सना, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना, फोन केला. त्यांनी सांगितलं, की तपासणी सध्या फार आजारी असलेल्यांचीच होते, घरी थांबा आणि पॅरासिटामॉल घ्या. ताप उतरला. त्याच्याबरोबर वास गेला, चव गेली, ती आजतागायत आलेली नाही. काल हिंगाच्या डबीत नाक घालून बसले होते. काही नाही.

काकांच्या हृदयात दोन स्टेंट. दुकानातून आलेली पिशवी ते साबणाने धुतात, पत्रं दोन दिवस दाराशी वाळत ठेवतात. कळलं असतं तर भीतीनेच अंथरूण धरलं असतं त्यांनी. आता पाच आठवडे उलटले. सांगायचं म्हणजे पाच आठवडे खोटं बोलले हेही सांगायला हवं, आणि तो धीर मला होत नाही. स्वयंपाक हाताच्या सवयीवर चाललाय. मीठ कमी पडलं तर ते मुकाट्याने वरून घेतात.

एक बरं आहे, की मळा सुरू आहे. इथले डच लोक त्याला फोल्क्सटाउन म्हणतात. बागवाल्यांच्या संघाने आखून दिलेला गावाबाहेरचा एवढासा तुकडा, पण काकांचा तो मळाच. एकमेकांपासून दीड मीटर दूर उभं राहून सगळे म्हातारे खुरपत असतात. मेथी वर आलीय. जुडी धुताना तिचा वास आठवायचा प्रयत्न करते.

हे कुणालाही सांगू नकोस. जेवत जा वेळेवर. तुझ्यावर माया आहेच, ती काही आजारात गेलेली नाही.

तुझी,
शामलामावशी

-

वाखनिंगन
५ मे २०२०

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आई पोटात गोष्ट ठेवते हे तुला कुणी सांगितलं? माझा बारावीचा निकाल मला कळायच्या आधी आख्ख्या सोसायटीला कळला होता. तेव्हा यातलं अक्षरही मी आईला सांगणार नाही, पण काकांना तू सांगावंस असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या भीतीची तुला भीती, आणि तुमच्या दोघांची मला. तू आजारी होतीस आणि मी शंभर किलोमीटरवर बसून तुला केकची छायाचित्रं पाठवत होते, याचं फार वाईट वाटलं.

सांगणार नसशील तर निदान एवढं कर. नाकावर सोडलेल्या सगळ्या गोष्टी आता कागदावर आण. दुधावर, शिजवलेल्या भातावर तारीख लिही. गॅसची बटणं दोनदा पाहा. काही करपतंय का हे बघायला ओट्यापाशीच उभी राहा. मी बराच विचार करून ही यादी केलीय, काही सुटलेलं नाही.

माझं म्हणशील तर विद्यापीठाच्या काचघरात आठवड्यातून दोनदा पाणी घालण्यापुरतं सोडतात. प्रयोगाचे टोमॅटो अर्धे गेले. खोलीत एकटी असते, भिंतीशी बोलायची वेळ अजून आलेली नाही.

उत्तर लवकर पाठव, आणि लोभ आहे त्यात माझ्यासाठी थोडी भर घाल.

तुझी,
ऋजुता

-

रायस्वाइक
२४ मे २०२०

चि. ऋजुतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी पत्रं मावशीला येतात आणि ती वाचून लगेच कपाटात जातात. तेव्हा म्हटलं, आपणही स्वतंत्र आघाडी उघडावी. मी जन्मभर जहाजांचे पंप दुरुस्त केले, पण मळ्यावरचं पाणी मला उतारवयात बालदीने वाहावं लागतंय. महिनाभर पावसाचा थेंब नाही. हॉलंडात दुष्काळ पडला असं पुण्याला लिहिलं तर लोक हसतील.

तुझा सल्ला हवाय तो दुधीबद्दल. अकरा वर्षं मी रोज सकाळी दुधीचा रस घेतो, हे तू जाणतेसच. मार्चपासून बाजारात जाणं बंद केलंय, त्यामुळे रसही बंद. यंदा मात्र दुधी घरच्या बियाण्याचा. त्याची हकिकत अशी. गेल्या वर्षी आमच्या छोट्या काचघरातल्या वेलाला नुसती मादीफुलं. शेजारच्या वीमकडे याच जातीचा वेल असतो, फक्त त्याची फळं घागरीसारखी गोल. तो ती खात नाही. वाळवून, भोक पाडून पक्ष्यांना घरं करतो. भला माणूस. त्याने मला पाच-सहा नरफुलं खुडून दिली, ती मी संध्याकाळी आमच्या फुलांवर टेकवली, आणि दुधी लागला तो असा, की संघाचा अध्यक्ष बघायला आला. त्यातला एक बियांसाठी राखला. त्याची आठही रोपं तरारली आहेत. विकतचं बी आणलंच नाही.

तर शास्त्रज्ञबाई, या बाळांचं पुढे काय करावं ते कळवा. मावशी ठीक आहे. मीठ विसरते हल्ली, पण मी काही बोलत नाही. तूही बोलू नकोस.

म्हाताऱ्याची आठवण असू दे, बाकी आशीर्वाद आहेतच.

तुझा,
मोरेश्वरकाका

-

वाखनिंगन
७ जून २०२०

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

म्हणजे तुम्ही घरच्या मुलीचं लग्न परस्पर वीमच्या मुलाशी लावून दिलंत. पत्रिका पाहिलीत का? वरपक्षाकडे पक्ष्यांना घरं बांधून द्यायची रीत आहे म्हणजे माणसं दिलदार असणार. आठ नातवंडांबद्दल अभिनंदन.

शास्त्रज्ञबाईंचा अभिप्राय असा: काचघरात आठांपैकी चारच ठेवा. मुख्य वेलाचा शेंडा हातभर वाढल्यावर खुडा, म्हणजे फांद्या फुटतील. पाणी मुळाशी, पानांवर नको. गोगलगायींसाठी पहाटे बॅटरी घेऊन जा. पहिलं फळ लागलं की मला कळवा.

माझे उरलेले टोमॅटो जगतायत. प्रोफेसरांनी मुदतवाढीचा अर्ज करायला सांगितलाय, त्या काळजीत आहे. लोभ असेल तर तो टपालाने नको, मेथीच्या रूपात पाठवावा.

तुमची,
ऋजुता

-

रायस्वाइक
१९ जुलै २०२०

चि. ऋजुतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चार महिने झाले. मीठ कधी कधी जिभेच्या टोकाला लागल्यासारखं वाटतं, बाकी सगळं पाणी. तू म्हणशील, सांगितलंस का. नाही सांगितलं. परवा तोंडाशी आलं होतं, तेवढ्यात बातम्यांत कुठलासा आकडा सांगितला आणि ते उठून हात धुवायला गेले.

सोंग मात्र चांगलं जमायला लागलंय. दुधी किंवा काकडी चिरली, की आधी एक चकती चाखायची ही माझ्या आईपासूनची सवय, तुझी आईही करते. काका समोरच वर्तमानपत्र घेऊन बसलेले असतात. मग मीही चकती तोंडात टाकते, दोनदा चावते, छान आहे म्हणून मान हलवते. नाटकात काम करायला हवं होतं मी.

मळ्यातला पहिला दुधी आता वीतभराहून मोठा झालाय. येत्या रविवारी काढायचा, सोमवारी सकाळी रस. काका रोज जाऊन त्याला हात लावून येतात. इतक्या दिवसांत त्यांना असं खुशीत पाहिलं नव्हतं, मलाही बरं वाटतंय.

तुझ्या अर्जाचं काय झालं? चेहरा डोळ्यांसमोर येतो तुझा. सुखी राहा, आणि या मावशीला विसरू नकोस.

तुझी,
शामलामावशी

-

रायस्वाइक
३१ जुलै २०२०

चि. ऋजुतास,
आशीर्वाद.

फोनवर मला रडण्यापलीकडे काही जमलं नाही, म्हणून नीट लिहिते. लिहून काढलं की डोकं ताळ्यावर येतं.

सोमवारी साडेसातला त्यांनी रस घेतला. आठच्या सुमारास पोटात मुरडा, मग उलट्या. नवाला उलटीत रक्त दिसलं. रुग्णवाहिकेतली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली होती. त्यांनी मला दारातच थांबवलं. ताप नव्हता तरी आधी कोरोनाच्या कक्षात ठेवलं. मी घरी एकटी बसून हेच म्हणत होते, की माझाच आजार इतक्या महिन्यांनी त्यांना लागला. दुसऱ्या दिवशी तपासणीत तसं काही निघालं नाही, पण रक्तदाब इतका उतरला होता, की दोन रात्री अतिदक्षता विभागात काढल्या. हृदयावर ताण आलाय. मला दिवसातून एक तास भेटू देतात.

तू फोनवर विचारलंस, त्या सकाळी काय घेतलं. मी दुधीचा रस म्हणाले, आणि तू दवाखान्याचा नंबर मागून लगेच फोन ठेवलास. मग तू स्वतः दवाखान्यात फोन लावलास. कडू दुधीत विष असतं, असं डॉक्टरांनी मला नंतर समजावून सांगितलं. त्यांनीही ते पुस्तकातच वाचलं होतं.

ऋजुता, चकती मी चाखली होती. गोड आहे म्हणाले होते. खोटं बोलायची इतकी सवय झाली होती, की ते खोटं आहे हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. माझ्या हाताने मी त्यांना विष पाजलं. बेचाळीस वर्षं ज्यांना जेवायला घातलं त्यांना.

त्यांना वाटतंय दुधी नासका निघाला. तसंच वाटू दे. माझी चव गेली होती हे त्यांना कळलं, तर ते माझ्या हातचं पाणीही विश्वासाने पिणार नाहीत. तुला माझी शपथ आहे.

आणखी काय लिहू. देवापाशी त्यांच्यासाठी माग.

तुझी,
मावशी

-

रायस्वाइक
१० ऑगस्ट २०२०

चि. ऋजुतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शुक्रवारी घरी आलो. बाहेर पस्तीस अंश तापलंय. पडदे ओढून मी पडून असतो आणि तुझी मावशी मळ्यावर जाते. ती तिकडे गेल्यामुळेच हे लिहिता येतंय. पडल्या पडल्या लिहितोय, अक्षर लावून घे.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर फोन करून कुणीतरी दुधीचं सांगितलं म्हणून पुढचे उपचार नेमके झाले. ते तुझेच उपकार. पण तुला वेगळंच सांगायचंय. मावशीला वास येत नाही, चव लागत नाही, हे मला एप्रिलच्या सुरुवातीपासून ठाऊक आहे. एका सकाळी दूध करपलं. घरभर धूर होईपर्यंत ती शेजारी बसून मेथी निवडत होती. तिने माझ्यापासून का लपवलं तेही मला तिथेच कळलं. माझ्या भीतीपायी. बायकोला ताप आल्याचं सांगायची सोय नाही असा नवरा झालो होतो मी. त्याची मला लाज वाटली, आणि लाजेने मी गप्प राहिलो. तिला जमेल तेव्हा ती सांगेल म्हणून अळणी आमटी खात राहिलो.

त्या दिवशी पहिल्याच घोटाला कळलं. कारल्याचा रस त्यापुढे सरबत. ती समोर उभी होती, नुकतीच गोड आहे म्हणाली होती, आणि मला बरं वाटलेलं बघायला आली होती. कडू म्हटलं असतं तर चार महिन्यांचं तिचं सोंग तिथेच उघडं पडलं असतं. तिचा तो चेहरा मला बघवला नसता. कडू म्हणजे औषधी, त्याने काय होतंय, असं म्हणून मी ग्लास संपवला आणि छान आहे म्हणालो.

हे तिला सांगू नकोस. मी जाणूनबुजून प्यायलो हे कळलं तर ती स्वतःला जन्मभर कोसत राहील.

तुझ्या हुशारीला आशीर्वाद, आणि मौनालाही.

तुझा,
मोरेश्वरकाका

-

वाखनिंगन
१३ ऑगस्ट २०२०

ती. मावशी आणि ती. काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट ज्याच्या हाती पडेल त्याने दुसऱ्याला हाक मारावी, शेजारी बसवावं आणि मग मोठ्याने वाचावं. एकट्याने वाचू नये.

तुम्ही दोघांनी मला गप्प राहायला सांगितलंत. मी दोघांचंही ऐकणार नाही. मावशी, तुझी चव गेल्याचं काकांना एप्रिलपासून माहीत आहे. तू सांगशील म्हणून ते वाट बघत होते. रस कडू आहे हेही त्यांना पहिल्या घोटाला कळलं होतं. तुला तोंड लपवावं लागू नये म्हणून त्यांनी तो संपवला. काका, मावशीला मार्चमध्ये ताप होता. तुम्ही घाबराल म्हणून तिने तो एकटीने काढला, आणि तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी माझ्या हाताने विष पाजलं असं ती मला लिहीत होती.

आता माझं. मावशीला चव लागत नाही, हे तिच्या एप्रिलच्या पत्रात होतं. बी वीमच्या नरफुलांपासून झालेलं आहे, हे काकांच्या मेच्या पत्रात. ती चकती चाखल्याचं नुसतं नाटक करते, हे जुलैच्या. तीनही पत्रं माझ्याच खणात एकावर एक होती, आणि तुम्हा दोघांपैकी कुणालाच तीनही गोष्टी ठाऊक नव्हत्या. वाळवायच्या भोपळ्याचा पराग दुधीला लागला, तर त्या बियांची फळं कडू निघतात आणि तो कडूपणा विषारी असतो, हे मी कृषी महाविद्यालयात पहिल्याच वर्षी शिकले. परीक्षेत लिहिलं, त्याचे गुण मिळवले. काकांच्या पत्राला उत्तर म्हणून मात्र मी लग्नाचा विनोद करून पाठवला. मावशीचं शेवटचं पत्र मंगळवारी मिळालं होतं. दुधी रविवारी निघाला. मध्ये पाच दिवस होते आणि मी अर्ज भरत होते.

तेव्हा रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. मावशीला कळायला मार्ग नव्हता आणि काकांना दुधीतलं काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. दोन आठवडे मी हे कुणाला बोलले नाही, आणि गप्प राहून माणूस किती चांगलं नाटक करतो हे मला आता कळलं. मला क्षमा करा.

उरलेले वेल मुळासकट काढून टाका. एकही फळ, एकही बी ठेवू नका. वीमला दोष देऊ नका, पण त्याला सांगा. शनिवारी मी येतेय. दारात उभी करणार असाल तर दारात उभी राहीन.

लोभ मागायचा मला तोंड नाही, तरी मागते.

तुमची,
ऋजुता

ता. क. : उत्तर लिहायचं झालं तर एकाच कागदावर, दोघांच्या सहीने लिहा. दोन पाकिटं आली तर दोन्ही न फोडता परत पाठवीन.