एकाच बांधीचे दोन अर्धे

सोमवार, संध्याकाळ

सुमनचा धानावरचा प्रबंध अडला होता. करडी गावात प्रत्येक शेतकऱ्याने आपली एक बांधी, म्हणजे बांधाने वेढलेला शेताचा तुकडा, अर्धी-अर्धी करून दोन पद्धतींनी रोवणी केली होती. माझ्या या बहिणीने मात्र ते अर्धे वेगवेगळ्या शेतांचे धरले. संख्याशास्त्रीय चाचणीत दोन्ही पद्धतींच्या उत्पन्नात फरक दिसला नाही. आज एकाच बांधीचे अर्धे जोडीने ताडून पाहिले. फरक दिसला.

"मंग तोंड पाडून काहून बसली?" मी विचारले.

"भाऊ, उत्तर पाहून चाचणी बदलली म्हणतील ना! तू कविताच शिकव."

बांधी एकच, पाणी एकच. जोडी धरणेच बरोबर. पण पहिल्यांदाच फरक दिसला असता, तर बांधी एकच होती हे आम्हाला आठवले असते? नसते.

तिने दोन्ही चाचण्या लिहिल्या, आधी कोणती केली तेही. मार्गदर्शक पहिली खोडायला सांगतील. ती खोडणार नाही म्हणते.