पहिला नको, दुसरा घ्या

हौसे,

तू धाडलेल्या रोह्याच्या मंडळींत पहिला आला तो मुलाचा मामा दाजी, आणि तोही चालत. निघाला होता भाच्याच्या मागं मोटरसायकलवर बसून, पण आमच्या हमरापुरात शिरल्यापासून गाडी दर ब्रेकरला बंद पडायची, म्हणून उतरला नि गाडीच्या आधी पोचला. (अगो, आशीर्वाद लिहायचा राहिलाच. तुला नि तुझ्या घरच्यांना तो लागेल तिथून लावून घे. गुडघा कसा हाय? माझा विचारू नको.)

आमची नात मृणाली मोटरसायकलवरून पेणच्या दुकानांत गणपती पोचवते ते तुला ठाऊक हाय. मागं खोक्यात बिनरंगाच्या मूर्ती, पुढं खड्डे. सोंड तुटली की मूर्ती गेली. म्हणून ती गाडी सावकाश चालवते, आणि सावकाश चालवायची तर गिअर कुठला, ते तिच्या पायाला कळतं. चौथ्यावर हळू चालवली की इंजिन धापा टाकत मरतं. पहिल्यावर घाईनं सोडली की उडी मारते. दुसऱ्यावर, क्लच जरा धरून, गुमान चालते. तिच्या मागं बसून बसून हे मलासुद्धा समजतं, हौसे, आणि समजलं त्या दिवशी मी शेजारच्या रंभाला बोलावून सांगितलं. नवरामुलगा आदेश (चेहरा बरा हाय, खोटं कशाला लिहू) आला तो चौथ्यावर. चाल म्हशीची नि गिअर हायवेचा. दारात येऊन गाडी परत मेली.

त्यानं ती चालू केली नि पाय आपटून घातला पहिला. मृणाली चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी. नवी साडी, खाली मान, सगळी शिकवण विसरली आणि ओरडली, “पहिला नको! पहिला झेपायचा नाय! दुसरा घ्या, दुसरा!”

नेमकी तेव्हाच मुलाची आई नूतनबाई जिते स्टेशनावरून रिक्षानं पोचली. एक पाय रिक्षात, एक बाहेर. तिनं गाडीकडं बघितलंच नाय, नुसतं ऐकलं. “कोण गो हा दुसरा?”

कुणी तोंड उघडायच्या आत आदेशनं क्लच सोडला, गाडीनं उडी मारली नि वाळत घातलेल्या उंदरांच्या फळीवर चढली. गणपतीचे उंदीर गो, शाडूचे. दाजी “काय नाय, काय नाय” म्हणत तुटक्या शेपट्या गोळा करत होता. मग मी नूतनबाईला गिअर समजावला. मी! गॅसची शेगडी नातीकडून शिकलेली बाई! ती पोट धरून हसली. मला वाटलं, जमलं.

तर दाजी पोहे संपवून, तोंड पुसून बोलला, “पोरगी पसंत हाय. फक्त लग्नानंतर गाडीला हात लावायचा नाय. आमच्यात बाई मागं बसते.” उंदीर चिरडले त्यांच्या पोरानं, गाडी सोडायची आमच्या पोरीनं. आणि आमचा निलेश, तिचा बाप, ज्याचा कारखाना तिच्या फेऱ्यांवर चालतो, तो “व्हय, व्हय” करत मान हलवत होता. त्याला मी नऊ महिने पोटात वागवला ते या मानेसाठी. मृणाली आत जाऊन उंदरांना शेपट्या चिकटवत बसली. तिच्याकडं बघवेना मला.

मागं बसणं काय असतं ते आपल्याला विचारा म्हणावं. जन्मभर ह्यांच्या सायकलवर मागं बसून पेणच्या बाजाराला गेले. तो रस्ता कसा होता विचारशील, तर मी ह्यांच्या सदऱ्याची शिवण सांगेन. आंब्याची झाडं होती म्हणे. आता नातीच्या मागं बसते तर ती वाकून म्हणते, “आजी, ते बघ बगळे.” या वयात मला बगळे दिसले!

जाताना रिक्षा मिळेना. लेकाच्या मागं बसायला नूतनबाईची छाती होईना. शेवटी मृणालीनंच तिला जित्याला सोडलं, मांडीवर आम्ही दिलेला गणपती. स्टेशनावरून बाईचा फोन आला, आवाज दबका. “मावशी, मूर्ती शाबूत हाय. पुढच्या वेळी मला आणायला पोरीलाच पाठवा. पण दाजीला सांगू नका.” बघ! हेच दाजीसमोर बोलली असती तर जीभ झिजली असती?

तुझी थोरली,
कृष्णा

ता.क. फोन करत नाय, कारण तुझी सून स्पीकर लावते नि सगळ्या आळीला आपलं बोलणं कळतं. पत्र वाचलंस की चुलीत घाल. (चूल काढलीस ना? मग फाड.)

आणखी ता.क. खरं काम लिहायचं राहिलं. दाजीला गाठ नि सांग, पोरगी गाडीसकट येईल, आणि बसेल ती पुढंच. आदेश वाईट नाय. निघताना मृणालीला हळूच विचारून गेला, “ब्रेकरला दुसराच ना?” विचारतो तो शिकेल. ती हसली पण, मी बघितलं. म्हणून तर हे स्थळ सोडवत नाय.

शेवटची ता.क. दाजी ऐकलाच नाय, तर आमच्या पोरीनं दारात ओरडून सांगितलं तेच खरं धर, नि रोह्यात दुसरा बघ. जरा लवकर बघ, ही मंडळी येत्या गुरुवारी परत येतो म्हणून गेलीत.