गिरणीसमोरचा ओटा

केदारखेडा, १९९८

कचरूभाऊ,

जय भीम. पाच वर्षांखाली तुम्ही आमच्या किशोरी केंद्रावर भांडायला आल्ते. "माझी छाया तुमच्याजवळ काय बोलती ते सांगा, न्हाईतर केंद्र बंद पाडतो," म्हणले. मी म्हणलं, "तिच्या जिवाला धोका असता तर मीच धावत आले असते. बाकीचं तिलाच विचारा."

पोरींशी बोलायला मी पिठाच्या गिरणीसमोरचा ओटा धरला होता. पोरगी सगळ्या गावाला दिसावी, पण गिरणीच्या आवाजात तिचं बोलणं कुणाला ऐकू जाऊ नये. लोक मला येडी म्हणायचे.

तुम्ही घरी जाऊन तिला विचारलं. तुम्ही काय ऐकलं, मला ठाऊक न्हाई. पण दुसऱ्याच दिवशी तिच्या लग्नाची सुपारी परत गेली.

आता त्या ओट्यावर छायाच ताई म्हणून बसती. काल एक पोरगी तिच्याजवळ रडून राह्यल्ती. मी सवयीनं जवळ गेले, तर छायानं हात वर केला. "कांताताई, तिथंच थांबा."

मी थांबले. एक शब्द ऐकू आला न्हाई. भाऊ, एवढी खूश मी जन्मात झाले नव्हते.

हे पत्र मात्र टाकणार न्हाई. वाचलं की तुम्ही पहिलं हेच विचारताल, ती पोरगी कोणाची.

तुमच्या लेकीनं लांब उभी केलेली,
कांताबाई