कळपापुढचा आवाज

४ डिसेंबर १९६१

बोगोताहून प्राध्यापकांचं पत्र! गुराख्यांच्या आणि घोडेस्वारांच्या शब्दांचा कोश करताहेत ते. रँचवर लिहिता येणारी मी एकटीच, म्हणून मी इथले शब्द पाठवते आणि ते मला त्यांची कुळकथा कळवतात.

या वेळी ‘हिनेते’, म्हणजे घोडेस्वार. हा शब्द म्हणे समुद्रापलीकडच्या एका टोळीच्या नावावरून आलाय. स्पेनमध्ये येऊन लढलेली माणसं ती. घोड्यावर अशी बसायची, की ज्यांनी त्यांच्याशी युद्ध केलं त्यांनीच पुढे प्रत्येक स्वाराला त्यांचं नाव दिलं. शत्रूचं नाव! जन्मापासून हा शब्द तोंडात आहे, आणि आज उच्चारताना मीच दचकले.

मुकादम बालबिनोला सांगितलं. तो म्हणाला, माझ्या नावावरून कसला शब्द निघेल? म्हटलं, घोरण्याचा.

६ डिसेंबर

मामाच्या थुंकीत रक्त.

अनिसेतोमामा चाळीस वर्षं काब्रेस्तेरो आहे. कळप विकायला निघाला की सगळ्यांत पुढे घोड्यावर गात जायचं, हे त्याचं काम. आवाज थांबला की गुरं बिथरतात. प्राध्यापक लिहितात, या शब्दाचं मूळ म्हणजे म्होरकी – जनावर ओढायचा दोर. पण मामाच्या हातात दोर कुठाय? चारशे गोऱ्हे नुसत्या गळ्यावर ओढून नेतो तो. पत्र वाचल्यापासून मी त्याच्या गळ्याकडेच बघत बसते.

मालक म्हणाले, व्हियाविसेन्सियोच्या इस्पितळात ट्रकनं पाठवतो. मामा म्हणाला, मी काय मक्याचं पोतं आहे? कळपही तिथेच विकायला जायचाय, जाईन तर त्याच्यापुढे जाईन. शेवटी ठरलं – तो गात जाणार आणि तिथे पोचल्यावर डॉक्टरला दाखवणार. नजर ठेवायला मी, स्वयंपाकाची भांडी वाहणाऱ्या खेचराबरोबर.

८ डिसेंबर

निघालो. त्यानं पहिली तान घेतली आणि चारशे माना एकदम वर झाल्या. रडूच आलं मला.

१३ डिसेंबर

आवाज बारीक झालाय. गुळाचं गरम पाणी देते, तेही गिळवत नाही त्याला. बालबिनो म्हणाला, उद्यापासून दुसरा कुणी गाईल. मामा म्हणाला, “गुरं माझा गळा ओळखतात. तुझा फक्त चाबूक.”

उद्या उपिया नदी ओलांडायची. पाणी अजून उतरलेलं नाही.

१४ डिसेंबर

आजचं आजच लिहून ठेवते.

मी भांडी घेऊन होडीतून आधीच पलीकडे आले होते. मामानं गात गात घोडा पाण्यात घातला आणि त्याच्यामागे सगळा कळप पोहू लागला. मध्यावर आला नि आवाज बंद! तोंड उघडं दिसत होतं, पण सूर नाही. पुढचे गोऱ्हे मागे फिरले, मागचे त्यांच्यावर चढले, सगळी शिंगं जात्यासारखी गरगरायला लागली. असा फेर धरला की गुरं बुडतात, आणि त्यांच्यात सापडलेला माणूसही. मामा मधोमध होता.

विचार केला असं म्हणणार नाही. मला एकच गाणं येतं, धारा काढायचं. सोळा वर्षं पहाटे तेच गाते. त्यात गाईचं नाव घ्यायचं – गाय पान्हा सोडते, आणि आईचं नाव ऐकून वासरू कोंडवाड्यातून पळत येतं. हे गोऱ्हे म्हणजे माझीच तीन वर्षांपूर्वीची वासरं! काठावर उभी राहून मी त्यांच्या आयांची नावं गायला लागले. मारिपोसा. पालोमा. क्लावेलीना. पालोमाच्या गोऱ्ह्यानं पहिल्यांदा मान वळवली. मग दुसऱ्यानं. फेर सुटला आणि सगळे सरळ माझ्याकडे पोहत आले! निथळत, फुरफुरत, माझ्याभोवती दाटीनं उभे राहिले. एकानं माझा एप्रन चोखायला घेतला.

बुडाले फक्त तीन. मामाला त्याच्या घोड्यानं बाहेर काढलं. बालबिनोनं टोपी काढली – माझ्यापुढे! म्हणाला, “दोमितिला, पुढच्या साली कळपापुढे तू.” बाईला असं कुणी म्हटलेलं आमच्या या गवताळ मैदानांत मी तरी ऐकलेलं नाही.

प्राध्यापकांना कळवायला हवं. दोर आहे म्हणावं. दिसत नाही इतकंच.

१९ डिसेंबर

पोचलो. डॉक्टरनं मामाला ठेवून घेतलं. गळ्यात गाठ आहे, उद्या कापणार. जगेल, आवाज राहणार नाही.

दुपारी कळप कत्तलखान्यात पोचवला. फाटकाशी रक्ताच्या वासानं गोऱ्हे अडले, मारूनही हलेनात. बालबिनो म्हणाला, गा. मी नावं घेतली. एकेक करून सगळे आत गेले, एकही मागे फिरला नाही. कत्तलखान्याची माणसं बघतच राहिली! फार अभिमान वाटला.

२० डिसेंबर

शस्त्रक्रियेला आत नेण्याआधी मामाला फाटकाची हकिगत सांगितली. त्यानं मला जवळ ओढलं. आवाज नव्हताच, नुसता वारा. म्हणाला, “मलाही येतात त्यांच्या आयांची नावं. वाटेवर कधी घेतली नाहीत, पोरी.”

का, म्हणून विचारलं.

“माझ्यामागे ते नुसता रस्ता म्हणून चालतात. आईच्या नावानं मात्र घरी चाललो म्हणून येतात.”