मैत्री, करुणा आणि एक गोणी कांदा

एकलहरे कॉलनी, नाशिक
६ जून १९८४

तीर्थरूप सावळीराममामांना विशाखाचा आदरपूर्वक जयभीम.

आम्ही इकडे सगळे ठीक. तुम्हीही ठीक असाल असं नुसतं लिहून मोकळं होण्यापेक्षा विचारतेच: सगुणामामींचा गुडघा कसा आहे? त्यांनी पाण्याचे हंडे उचलणं सोडलं का? (सोडलं नसेल. मला माहीत आहे.)

लासलगावहून ट्रकवाल्याबरोबर पाठवलेली कांद्याची गोणी पोचली. चिठ्ठीही पोचली: "पोरींना रोज एक घाल. कांद्यानं ऊन बाधत नाय." मामा, तुमचं उभं आयुष्य मार्केटात कांद्याची पोती वाहण्यात गेलं, तेव्हा कांद्याविषयी तुम्हाला काही सांगणं म्हणजे माझा आगाऊपणाच. पण या पोरी गिनीपिग आहेत, आणि गिनीपिगांना कांदा चालत नाही. मुळीच नाही. त्यांच्या रक्ताला तो अपाय करतो, असं पुस्तकात स्पष्ट दिलं आहे.

या दोघींना मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून घरी आणलं (नाहीतर त्यांच्यावर सुरी चालली असती) हे तुम्हाला ठाऊक आहेच. एकीचं नाव मैत्री, दुसरीचं करुणा. (मैत्री चावते.) पहिल्याच दिवशी शेजारच्या धोंडाबाई कुंपणावरून डोकावून आईला म्हणाल्या, "पोरगी शिकून पदवी आणणार होती ना गं? हिनं तर उंदीर आणले!" दादा तर लेकीवर रागावून आठ दिवस त्यांच्या खोक्याकडे न बघता वीज केंद्रात कामाला जात-येत होते.

मी भिंतीवर तक्ता लावला. दिवसभर गवत, कारण त्यांचे दात जन्मभर वाढतात. दुपारी खोक्यावर ओलं गोणपाट. उचलायचं ते दोन्ही हातांनी. आणि आपल्यासारखंच त्यांनाही सी जीवनसत्त्व बाहेरून मिळावं लागतं, म्हणून कोथिंबीर आणि ढोबळी मिरचीची एक फोड. हे शेवटचं वाचून आई कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. "माझ्या भावाचा कांदा चालत नाय, अन् मिरची चालती? हे कसलं गं तुझं शास्त्र?"

शास्त्रापुढे आई हरली, पण भावापुढे हरली नाही. परवा मी वाचनालयात गेले होते, तेवढ्यात तिने तुमचा मान राखायला कांदा चिरून दोघींपुढे ठेवला, वर दुधात कुस्करलेली भाकरी. मैत्रीने वास घेऊन पाठ फिरवली. करुणा नावाला जागली आणि आईचं मन मोडू नये म्हणून तिने खाल्लं. संध्याकाळी ती कोपऱ्यात केस फुलवून बसली, गवताला तोंड लावेना. हा प्राणी एक दिवस उपाशी राहिला तरी जिवावर बेततं. मी पुस्तक उघडून रडत बसले. (पुस्तकात रडण्याबद्दल काही नाही.) तेवढ्यात दादा कामावरून आले आणि कपडेही न बदलता जमिनीवर बसले. कोथिंबिरीची काडी धरून दीड तास एकच: "खा गं माझी बाई. एकच काडी. लय नाय म्हणत मी."

शेवटी तिने खाल्लं. आता ती बरी आहे. पण दादा उठले ते माझ्यावरच उखडले. "एम.एस्सी.ला पुण्याला जायचं म्हणती, अन् ही मुकी जनावरं कोणाच्या गळ्यात? आधी त्यांची सोय लाव, मग माझ्याशी बोल." मामा, प्रवेशाचा अर्ज भरायला दहाच दिवस उरले आहेत आणि त्यावर दादांची सही हवी. तुम्ही मागच्या पत्रात "आण माझ्याकडं, सांभाळतो" म्हणाला होतात. तर रविवारी टोपली घेऊन यावं. तक्त्याची नक्कल सोबत जोडली आहे. मामींना मोठ्याने वाचून दाखवावी.

तुमची भाची,
विशाखा पगारे, बी.एस्सी.
(हे शेवटचं आईने लिहायला लावलं.)

ता.क. मामा, खरं सांगू? त्यांना नेऊ नका. फक्त टोपली पुढे करून दादांसमोर म्हणा, "आणा त्या पोरींना, निघालो मी." दादा देणार नाहीत. "राहू द्या, मीच बघीन" एवढं त्यांच्या तोंडून निघालं, की मला अडवायला त्यांच्याकडे कारणच उरणार नाही. (मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाही. टोपली खरीच असेल.)

आणखी एक ता.क. पाकीट चिकटवण्याआधी आईने पत्र वाचलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. म्हणाली, "अगं येडे, त्यांनी पुढच्या महिन्यापासनं दुसरी पाळी मागून घेतली. साहेबाला म्हणाले, लेक पुण्याला चालली, सकाळी जनावरांचं मलाच बघावं लागंल. तुला सांगू नको म्हणाले. अजून थोडी घाबरू दे म्हणाले."

तरी रविवारी याच, मामा. आणि दादा "राहू द्या" म्हणाले, तरी लगेच ऐकू नका. दोघींना टोपलीत ठेवा, फाटकापर्यंत चालत जा. थोडं त्यांनाही घाबरू द्या.